नवीन डिस्क बसवल्यावर जुन्या डिस्कांची नावे बदलली: ऑपरेटिंग सिस्टिम हा बदल ओळखते तरी कशी?

दप्तरखाना (प्रश्न)

नमस्कार. आमच्या संस्थेत जुन्या मोडी कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती एका डेस्कटॉप संगणकावर ठेवलेल्या आहेत. त्यात एका साटा एसएसडीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि दुसऱ्या एसएसडीवर विंडोज ११ आहे. स्कॅनच्या प्रतींसाठी चार-चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने रेड १ पद्धतीने (दोन्हींवर तोच मजकूर राहील अशा) जोडलेल्या आहेत आणि बॅकअपसाठी आणखी एक हार्ड डिस्क आहे. ही सर्व मांडणी माझ्या आधी येथे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी केलेली असून ती आजवर विनातक्रार चालत आली.

नुकतीच या संगणकात मदरबोर्डवरील एम.२ स्लॉटमध्ये एक एनव्हीएमई एसएसडी (साटा केबल न लागणारी डिस्क) बसवली. मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे तो एम.२ स्लॉट वापरला की पाचवा आणि सहावा साटा पोर्ट बंद होतो, त्यामुळे पाचव्या पोर्टवरील बॅकअपच्या डिस्कसाठी एक साधे पीसीआय एक्सप्रेस साटा कार्ड आणून ती डिस्क त्यावर जोडली. त्यानंतर डेबियन सुरू होताना सुमारे दीड मिनिट थांबून राहिले आणि अखेर इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) गेले. तेथे पाहिले तर डिस्कांची नावे बदललेली होती. पूर्वी डेबियन एसडीए, विंडोज एसडीबी, रेडच्या दोन डिस्क एसडीसी व एसडीडी आणि बॅकअप एसडीई अशी नावे होती. आता बॅकअप एसडीए झाली आहे आणि बाकी प्रत्येक डिस्क एकेक अक्षर पुढे सरकली आहे. एफएसटॅबमध्ये (सुरुवातीला कोणती डिस्क कोठे जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये) बॅकअपच्या ओळीत एसडीई१, म्हणजे एसडीई डिस्कचे पहिले पार्टिशन, असे लिहिलेले आहे. त्या ओळीच्या सुरुवातीला टिप्पणीचे चिन्ह घालून पुन्हा सुरू केल्यावर डेबियन नीट चालू झाले.

मला कोडे पडले आहे ते असे, की रेडच्या दोन्ही डिस्कांची नावे बदलूनही ती जोडी आपोआप उभी राहिली, डेबियनची मूळ फाइल सिस्टिमही सापडली आणि अडले ते केवळ बॅकअपपाशी. विंडोजला तर काही झालेच नाही, सी आणि डी ही अक्षरे होती तेथेच राहिली. मात्र तेथील डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर तीन डिस्क ‘इनिशियलाइझ’ करायच्या का, असे विचारले जाते आणि त्यातली नवीन डिस्क एकच आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला असा बदल केव्हा व कसा कळतो, आणि एकाच यंत्रातल्या दोन डिस्कांना दोन वेगळे न्याय का लागतात, हे कोणी समजावून सांगेल का?

दौंड_जंक्शन

आपण नावांची जुनी आणि नवी यादी दिली आहे, त्यामुळे काय घडले ते नेमके सांगता येते. नव्या क्रमात एसडीई हे नाव रेडमधल्या दुसऱ्या डिस्कला मिळाले आहे. त्या डिस्कवर पार्टिशन टेबल (डिस्कचे कोणते भाग कोठे आहेत ती नोंद) नसावे, म्हणजे संपूर्ण डिस्कच रेडला दिलेली असावी; विंडोज ज्या तीन डिस्कांबद्दल विचारते त्यांतील दोन याच आहेत. पार्टिशनच नाही म्हटल्यावर एसडीई१ नावाचे काही अस्तित्वात येण्याचा प्रश्नच नव्हता. सिस्टमडी (डेबियनमध्ये सुरुवातीची कामे पार पाडणारी व्यवस्था) अशा उपकरणाची ९० सेकंद वाट पाहते, ते आले नाही की एफएसटॅबमधील ती ओळ अनिवार्य समजून सुरुवात थांबवते आणि इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडते. आपले दीड मिनिट ते हेच. माझ्या मते हा प्रकार आपल्या पथ्यावर पडला. एसडीई१ या नावाने दुसरीच एखादी फाइल सिस्टिम सापडली असती, तर काहीही कुरकुर न करता ती बॅकअपच्या जागी जोडली गेली असती, आणि रात्रीच्या बॅकअपने तिच्यावर काय लिहिले असते ते सांगता येत नाही.

आता बदल कळतो कसा, ते पाहू. लिनक्स सुरू होताना कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रथम पीसीआय बसवरील (मदरबोर्डला कार्डे व कंट्रोलर जोडणाऱ्या मार्गावरील) कंट्रोलर शोधते. साटा कंट्रोलरचा ड्रायव्हर प्रत्येक पोर्टवर दुसऱ्या टोकाला कोणी आहे का ते तपासतो आणि असल्यास त्या डिस्कला स्वतःची ओळख देण्याची आज्ञा पाठवतो. उत्तरादाखल डिस्क आपले मॉडेल, सीरियल नंबर आणि सेक्टरांची संख्या कळवते. त्यानंतर तिला एसडी या उपसर्गापुढचे जे पहिले मोकळे अक्षर असेल ते मिळते. या अक्षराचा पोर्टशी किंवा डिस्कशी कसलाही कायमचा संबंध नसतो, ज्या क्रमाने डिस्क हाती लागल्या तो क्रम तेवढा त्यातून कळतो. जुन्या आयडीई काळात एचडीए, एचडीबी ही नावे केबलवरच्या जागेवरून ठरत असत, त्यामुळे नावावर विसंबण्याची सवय लागली होती आणि ती तेव्हा बरीचशी खरीही होती. आज कर्नल अनेक कंट्रोलर आणि पोर्ट एकाच वेळी चाचपते, ज्याचे उत्तर आधी येईल त्याला आधीचे अक्षर मिळू शकते. त्यामुळे यंत्रात एकही स्क्रू न हलवता दोन वेळच्या सुरुवातीत नावे वेगळी आली, तरी तो दोष मानला जात नाही.

डिस्क सापडली की कर्नल तिचे पार्टिशन टेबल वाचते आणि डिस्कसाठी एक व प्रत्येक पार्टिशनसाठी एक अशा सूचना नेटलिंक सॉकेटवरून (कर्नलकडून कार्यक्रमांना निरोप जाण्याच्या मार्गाने) बाहेर पाठवते. या सूचना ऐकणारा कार्यक्रम म्हणजे युडेव्ह. ही व्यवस्था २००३ मध्ये आली आणि २०१२ मध्ये ती सिस्टमडी प्रकल्पात सामील झाली. सुरुवातीच्या क्षणी मात्र युडेव्ह चालू झालेला नसतो आणि डिस्क तर त्याआधीच सापडलेल्या असतात, म्हणून तो जागा झाल्यावर कर्नलला त्या सूचना नव्याने पाठवायला लावल्या जातात. चालू यंत्रात डिस्क लावली काय किंवा बंद असताना लावून यंत्र सुरू केले काय, पुढचा मार्ग एकच राहतो तो या युक्तीमुळे.

सूचना मिळताच युडेव्ह त्या पार्टिशनचे सुरुवातीचे भाग वाचून आत कोणती फाइल सिस्टिम आहे आणि तिचा यूयूआयडी (तिच्यावर लिहिलेला स्वतंत्र ओळख क्रमांक) काय आहे ते पाहतो, आणि डेव्ह निर्देशिकेतील डिस्क या शाखेत वेगवेगळ्या नावांचे दुवे तयार करतो. कंट्रोलरचा पत्ता व पोर्ट यांवरून एक, मॉडेल व सीरियल नंबरवरून दुसरा, फाइल सिस्टिमच्या यूयूआयडीवरून तिसरा, लेबल असल्यास आणखी एक. आपल्या कोड्याचे उत्तर येथेच आहे. डिस्कची ओळख तिच्या जागेवरून ठेवता येते, तिच्या देहावरून ठेवता येते किंवा तिच्यावर लिहिलेल्या मजकुरावरून ठेवता येते, आणि आपल्या यंत्रात निरनिराळ्या थरांनी यांतील निरनिराळी ओळख लक्षात ठेवलेली आहे. डेबियनचा इन्स्टॉलर मूळ फाइल सिस्टिम यूयूआयडीने नोंदवतो, म्हणून ती सापडली. एमडीएडीएम प्रत्येक सदस्य डिस्कवर आपली नोंद लिहून ठेवतो. सध्याच्या १.२ आवृत्तीच्या पद्धतीत ती डिस्कच्या आरंभापासून ४ किलोबाइट अंतरावर असते आणि तीत संचाचा यूयूआयडी, त्या डिस्कचे संचातील स्थान आणि शेवटच्या बदलाचा क्रमांक असतो. डिस्क कोणत्याही पोर्टवर, कोणत्याही क्रमाने आल्या तरी युडेव्ह ती नोंद पाहून त्यांना एकेक करून संचात बसवतो. बॅकअपची ओळ हाताने लिहिलेली होती आणि तीत जागेची, देहाची किंवा मजकुराची कसलीच ओळख नव्हती. होता तो फक्त आगमनाचा क्रम, आणि नवीन कार्ड येताच तो क्रम मोडला.

उपाय सोपा आहे. एलएसबीएलके या आज्ञेला ‘एफ’ हा पर्याय देऊन बॅकअपच्या पार्टिशनचा यूयूआयडी पाहावा, एफएसटॅबमध्ये एसडीई१ च्या जागी तो लिहावा आणि त्याच ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय जोडावा, म्हणजे बॅकअपची डिस्क हजर नसली तरी संगणक तिच्यासाठी अडून बसणार नाही. सिस्टमडी एफएसटॅबवरून स्वतःच्या अंतर्गत नोंदी तयार करते. म्हणून बदल केल्यावर सिस्टमसीटीएलची ‘डेमन-रीलोड’ आज्ञा द्यावी, नाहीतर जुनीच नोंद चालू राहते.

जाता जाता एक सूचना. नव्या कार्डामुळे पीसीआय बसचे क्रमांकही पुढे सरकतात. नेटवर्क कार्डाचे नाव ईएनपी३एस० अशा धर्तीचे असेल, तर ते ईएनपी४एस० होऊन नेटवर्क बंद पडल्याचे प्रकार नेहमी पाहण्यात येतात. जागेवरून ठेवलेली ओळख ही अशी दगा देते, आणि पोर्टच्या पत्त्यावरून तयार झालेले डिस्कांचे दुवेही त्याच कारणाने बदलू शकतात.

भिंगरी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण विंडोजच्या बाजूने एक गोष्ट तातडीने सांगणे आवश्यक आहे. त्या तीन डिस्कांच्या चौकटीत कृपया ‘ओके’ दाबू नये. विंडोजला ज्या डिस्कवर एमबीआर किंवा जीपीटी या पार्टिशन टेबलाच्या दोन प्रकारांपैकी कोणतेच टेबल दिसत नाही, ती डिस्क तिच्या लेखी कोरी असते. ‘इनिशियलाइझ’ करताना जीपीटी निवडल्यास डिस्कच्या पहिल्या ३४ सेक्टरांमध्ये नवे टेबल लिहिले जाते. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर ४ किलोबाइटवर असलेली एमडीएडीएमची नोंद सेक्टर क्रमांक ८ मध्ये येते, म्हणजे थेट या टापूत. दोन्ही डिस्कांवर हे झाले तर स्कॅन केलेल्या प्रती तत्काळ पुसल्या जाणार नाहीत, पण त्या दोन डिस्क एका संचाच्या आहेत हे सांगणारी नोंद मात्र जाईल आणि ती पुन्हा उभी करण्याचे काम जिकिरीचे आहे. चौकटीत केवळ नवीन डिस्कसमोरची खूण ठेवून बाकी दोन्ही खुणा काढता येतात, तरीही मी म्हणेन की नवीन एनव्हीएमईचे पार्टिशन डेबियनमधूनच करावे.

संपूर्ण डिस्क पार्टिशनशिवाय रेडला देण्याची पद्धत मला याच कारणासाठी पसंत नाही. धोका विंडोजपुरता मर्यादितही नाही. डिस्कवर पूर्वी कधी जीपीटी असेल, तर तिची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी शिल्लक राहिलेली असू शकते, आणि काही मदरबोर्डांचे यूईएफआय (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणारी मदरबोर्डची प्रणाली) सुरू होताना ती शेवटची प्रत पाहून पहिली प्रत खराब झाली असे समजते व आपण होऊन दुरुस्त करते. त्या दुरुस्तीतही सेक्टर क्रमांक ८ सापडतोच. डिस्कभर एकच पार्टिशन करून ते रेडला दिले असते, तर त्या डिस्कवर कोणाचे तरी काही आहे एवढे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला दिसले असते.

आता अक्षरे का टिकली ते सांगते. विंडोजमध्ये डिस्कांना मिळणारे ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ हे क्रमांक लिनक्समधील अक्षरांइतकेच बेभरवशाचे असतात. मात्र ड्राइव्हची अक्षरे त्या क्रमांकांवर अवलंबून नसतात. माउंट मॅनेजर नावाचा घटक रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातील) ‘माउंटेडडिव्हायसेस’ या ठिकाणी प्रत्येक अक्षरासमोर त्या पार्टिशनची ओळख नोंदवून ठेवतो. एमबीआर डिस्क असल्यास ही ओळख म्हणजे डिस्कवर लिहिलेली चार बाइटांची सही आणि पार्टिशनच्या आरंभाचे स्थान. जीपीटी असल्यास पार्टिशनचा स्वतःचा जीयूआयडी (यूयूआयडीसारखाच ओळख क्रमांक). दोन्ही गोष्टी डिस्कवरच लिहिलेल्या असतात, त्यामुळे केबल कोणत्या पोर्टला आहे याने काही फरक पडत नाही. याची दुसरी बाजू डिस्कची हुबेहूब प्रत काढून ती त्याच यंत्रात लावल्यावर दिसते. दोन डिस्कांची सही एकच असल्याचे विंडोजला आढळते आणि ती त्यांपैकी एक डिस्क ऑफलाइन ठेवते. ती बळेच ऑनलाइन केली तर तिच्यावर नवी सही लिहिली जाते आणि जुन्या सहीवर विसंबलेली बूटची नोंद निकामी होऊ शकते.

आपल्याकडे साटाची पद्धत बदललेली नाही, म्हणून विंडोज सुखरूप सुरू झाली. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगांत) साटा कंट्रोलर चालवण्याची पद्धत रेडऐवजी एएचसीआय किंवा उलट अशी केली असती, तर कदाचित ०x७बी क्रमांकाची निळी पाटी पाहावी लागली असती. सुरुवातीच्या क्षणी कोणते साठवण-ड्रायव्हर चढवायचे हे विंडोज आधीच ठरवून ठेवते आणि नको असलेले बाजूला ठेवते, त्यामुळे कंट्रोलर वेगळ्या रूपात समोर आला की स्वतःची डिस्कच तिच्या हाती लागत नाही. त्यावरचा रूढ उपाय असा, की बदलापूर्वी बीसीडीएडिट या विंडोजच्या आज्ञेने पुढची सुरुवात सेफ मोडमध्ये होईल असे ठरवावे, मग बायोसमधील बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे आणि ती सेटिंग काढून टाकावी. सेफ मोडमध्ये ते बाजूला ठेवलेले ड्रायव्हरही चढवले जातात.

दोन ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या यंत्रात ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवावे, हेही येथेच सांगून ठेवते. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज कर्नलची स्थिती आणि फाइल सिस्टिमबद्दलची स्मृतीतील माहिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये गोठवून ठेवते. मधल्या काळात त्याच पार्टिशनवर लिनक्समधून काही लिहिले गेले, तर पुढच्या वेळी जागी झालेली विंडोज जुनी माहिती खरी मानून चालते. लिनक्सचे एनटीएफएस ड्रायव्हर अशा पार्टिशनवर लिहू देण्यास नकार देतात तो त्यामुळेच. पुष्कळ लोक तो नकार ड्रायव्हरचा दोष समजून जबरदस्तीचा पर्याय शोधत बसतात.

निवृत्त_युनिक्सकर

चर्चा वाचून जुने दिवस आठवले, म्हणून थोडी भर घालतो. सोलॅरिस या युनिक्स प्रणालीत नवीन डिस्क लावली की ‘रीकॉन्फिगर’ नावाची रिकामी फाइल मूळ निर्देशिकेत तयार करून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे, किंवा ओके प्रॉम्प्टवर ‘बूट -आर’ असे लिहावे लागे. तसे सांगितले नाही तर यंत्र जुन्या नोंदींवरच सुरू होई आणि नव्या डिस्कसाठी उपकरणाची फाइलच तयार होत नसे. नावे सी०टी०डी० अशा धर्तीची, म्हणजे कंट्रोलर, टार्गेट आणि डिस्क यांची जागा सांगणारी होती, आणि कोणत्या भौतिक पत्त्याला कोणता क्रमांक दिला ते ‘पाथ_टू_इन्स्ट’ या फाइलमध्ये जपले जाई. पुढे डेव्हएफएसएडीएम ही आज्ञा आल्यावर ही पुनर्सुरुवात टळली.

आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स प्रणालीत मात्र ही गोष्ट मला नेहमीच अधिक समंजस वाटली. तेथे सीएफजीएमजीआर ही आज्ञा चालू यंत्रात बस चाचपून नवीन डिस्क शोधते आणि ओडीएम या अंतर्गत कोठारात तिची नोंद करते. डिस्कवर पीव्हीआयडी नावाची ओळख लिहिलेली असते, त्यामुळे केबल बदलली तरी डिस्क कोणत्या व्हॉल्यूम ग्रुपची (डिस्कांच्या गटाची) आहे हे चुकत नाही. डिस्क काढून घेतली तरी ओडीएममधून तिची नोंद लगेच नाहीशी होत नाही, ती ‘अव्हेलेबल’ ऐवजी ‘डिफाइन्ड’ अवस्थेत जाते. म्हणजे ही डिस्क मला ठाऊक आहे पण आत्ता दिसत नाही, असे यंत्र स्पष्ट सांगू शकते. लिनक्समध्ये डिस्क गेली की तिची कर्नलमधील खूणही जाते, आणि ती असायला हवी होती हे लक्षात ठेवण्याचे काम एफएसटॅब, रेड किंवा एलव्हीएम (डिस्कांची जागा एकत्र करून वाटून देणारी व्यवस्था) यांच्यावर येऊन पडते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये एलव्हीएम कोणत्या डिस्कांकडे पाहायचे त्याची यादी एका फाइलमध्ये ठेवते, ती पाहून मला एआयएक्सचीच आठवण झाली.

दप्तरखाना

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी व ‘नोफेल’ लिहून संगणक नीट सुरू झाला आहे आणि विंडोजमधील चौकट काहीही न करता बंद केली आहे. नेटवर्क कार्डाचे नावही खरोखरच बदललेले होते, ते दुरुस्त केले.

आता आणखी एक विचारतो. बॅकअपसाठी आणखी एक तशीच डिस्क घेऊन दोन्ही आळीपाळीने संस्थेबाहेर सुरक्षित ठेवाव्यात असा आमच्या कार्यकारिणीचा विचार आहे. त्यासाठी डिस्क चालू संगणकातून काढता येईल का? यूएसबी डबीत घालून वापरणे अधिक बरे का? आणि दर खेपेस वेगळी डिस्क येणार असेल, तर एफएसटॅबमध्ये कोणाचा यूयूआयडी लिहावा?

दौंड_जंक्शन

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. दोन्ही डिस्कांच्या फाइल सिस्टिमला एकच लेबल द्यावे आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी ते लेबल लिहावे. येथे आपल्याला ठरावीक डिस्क नको आहे, बॅकअपची जी कोणती डिस्क हजर असेल ती हवी आहे. अट एवढीच, की दोन्ही एकाच वेळी जोडू नयेत. दुसरी डिस्क नव्याने फॉरमॅट करावी, पहिलीची हुबेहूब प्रत काढून बनवू नये. प्रत काढली की यूयूआयडीसुद्धा तोच येतो. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम अशी दुसरी डिस्क जोडण्यास सरळ नकार देते, आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिममध्ये तर कर्नल डिस्कांची गटवारी या यूयूआयडीवरूनच करत असल्यामुळे मूळ कोणती व प्रत कोणती याचा घोळ होऊन माहितीला धोका पोहोचू शकतो.

चालू संगणकातून साटा डिस्क काढता येते, मात्र कंट्रोलर आणि बायोस यांनी त्या पोर्टवर हॉटप्लगला (यंत्र चालू असताना डिस्क लावण्या-काढण्याला) परवानगी दिलेली असावी लागते. डिस्क लावली किंवा काढली की पोर्टवरील दुव्याची स्थिती बदलते, एएचसीआय कंट्रोलर त्याची इंटरप्टने (प्रोसेसरला दिलेल्या तातडीच्या इशाऱ्याने) वर्दी देतो, आणि कर्नल दुवा नव्याने प्रस्थापित करून पुन्हा ओळख विचारते. विजेची बचत करण्यासाठी दुवा झोपवण्याची कडक सेटिंग असेल, तर ही वर्दी काही यंत्रांत येतच नाही. काढण्याची रीत अशी ठेवावी: प्रथम अनमाउंट करावे (फाइल सिस्टिम वापरातून सोडवावी), नंतर सिसएफएसमध्ये (कर्नल आपल्या उपकरणांची माहिती फाइलरूपाने दाखवते त्या शाखेत) त्या डिस्कच्या ‘डिव्हाइस’ निर्देशिकेतील ‘डिलीट’ या फाइलमध्ये १ लिहावे, म्हणजे कर्नल डिस्कची राखीव स्मृती रिकामी करवून घेते आणि तिला थांबण्याची आज्ञा देते. तबकड्या फिरायच्या थांबल्याची खात्री झाल्यावरच केबलला हात लावावा.

अनमाउंट न करता डिस्क ओढून काढली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. स्मृतीत साठलेला आणि डिस्कवर न पोहोचलेला मजकूर गेलाच. शिवाय कोणा कार्यक्रमाने त्या डिस्कवरील फाइल उघडी ठेवलेली असेल, तर जुने माउंट सुटत नाही आणि जुने नावही मोकळे होत नाही. मग तीच डिस्क परत लावली की ती एसडीए म्हणून न येता एसडीएफ म्हणून येते, आणि जुन्या माउंटवर प्रत्येक वाचनाला इनपुट-आउटपुट त्रुटी मिळत राहते. डिस्क परत लावली तरी फाइली दिसत नाहीत, अशी जी तक्रार वारंवार येते ती बहुधा याची असते. डिस्क परत आली तरी कर्नलच्या दृष्टीने ते नवीनच उपकरण असते.

यूएसबी डबीचा मार्ग रोजच्या वापराला सोयीचा आहे, पण डबीतली चिप मध्यस्थ असते हे विसरू नये. सीरियल नंबर कधी डिस्कचा दिसतो, कधी डबीचा, म्हणून सीरियल नंबरच्या दुव्यावर विसंबू नये. त्याहून त्रासदायक बाब म्हणजे काही डब्या ५१२ बाइटांच्या सेक्टरांची डिस्क ४,०९६ बाइटांच्या सेक्टरांची असल्याचे भासवतात. ५१२ बाइटांच्या सेक्टरांत एमबीआरला सुमारे २ टेराबाइटपर्यंतच मोजता येते, त्यावर काढलेली ही पळवाट होती. अशा डबीत पार्टिशन केलेली डिस्क उद्या साटा पोर्टला थेट लावली, तर टेबलातील सेक्टरांचे सर्व आकडे आठपटीने चुकतात आणि डिस्क रिकामी असल्यासारखी दिसते. माहिती जागेवर असते, पण घाबरून फॉरमॅट करणारे पुष्कळ भेटतात. म्हणून एकदा डबी ठरवली की दोन्ही डिस्कांसाठी त्याच जातीची डबी वापरावी.

आभासी_पुणेकर

याच धाग्यात एक जोडप्रश्न विचारतो, कारण मूळ विषय तोच आहे. आमच्याकडे आभासी सर्व्हर आहेत. डिस्कचा आकार वरून, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या मूळ यंत्रावरून, वाढवला की काही सर्व्हरांना तो लगेच कळतो, काहींना यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय कळत नाही. सर्वांत डेबियनच आहे. असे का होते?

दौंड_जंक्शन

डिस्क आभासी यंत्राला कोणत्या रूपात दाखवलेली आहे ते पाहावे. व्हर्टआयओ-ब्लॉक (आभासी यंत्रांसाठीची डिस्कची पद्धत) असेल, म्हणजे नाव व्हीडीए असेल, तर आकार बदलताच हायपरव्हायझर (आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) मांडणी बदलल्याचा इंटरप्ट देतो, ड्रायव्हर नवा आकार वाचतो आणि कर्नलच्या नोंदीत तशी ओळही उमटते. डिस्क स्कझी (डिस्क जोडण्याची एक जुनी पद्धत) रूपात असेल तर तिला स्वतःहून बोलता येत नाही. पुढची एखादी आज्ञा आल्यावर ती ‘युनिट अटेन्शन’ या स्थितीतून क्षमता बदलल्याचे कळवते, आणि लिनक्स त्याची सूचना युडेव्हकडे पाठवून तेथेच थांबते. नवा आकार आपण होऊन वाचत नाही. त्यासाठी सिसएफएसमध्ये त्या डिस्कच्या ‘रीस्कॅन’ या फाइलमध्ये १ लिहावे लागते. त्यासाठी पुन्हा सुरू करण्याची गरज नाही.

आकार दिसल्यावरही काम संपत नाही. पार्टिशन टेबलात जुनाच शेवट लिहिलेला असतो, आणि जीपीटीची जी दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या सेक्टरात असायला हवी ती आता मध्येच कोठेतरी पडलेली असते. म्हणूनच पार्टेड हे पार्टिशनचे साधन ती दुरुस्त करू का असे विचारते, आणि येथे होकार द्यावा. ग्रोपार्ट वापरल्यास हे आणि पार्टिशन वाढवणे एकदम होते. डिस्कवरील पार्टिशन वापरात असताना संपूर्ण टेबल पुन्हा वाचण्याची विनंती कर्नल ‘उपकरण व्यस्त आहे’ असे सांगून फेटाळते. ग्रोपार्टसारखी साधने म्हणून एकाच पार्टिशनचा नवा शेवट कर्नलला वेगळ्या मार्गाने कळवतात. त्यानंतर ईएक्सटी४ असेल तर रीसाइझ२एफएस आणि एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस चालवावे, दोन्ही माउंट असतानाच चालतात. मध्ये एलव्हीएम असेल तर त्याआधी पीव्हीरीसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड या दोन पायऱ्या वाढतात. हे सर्व करण्यापूर्वी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्यावा, आणि तो स्नॅपशॉट तपासण्यासाठी त्याच यंत्राला जोडू नये, त्याचाही यूयूआयडी तोच असतो.